आजी गहू घरातच का वाळवते

प्रश्न: मी नागपूरला महाविद्यालयात इतिहास शिकवतो. अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९२१ मध्ये कृष्णवर्णीयांची अख्खी वस्ती जाळली गेली. तो भाग शिकवताना एक विद्यार्थी म्हणाला, 'सर, शंभर वर्षं होऊन गेली, आता त्याचं काय?' मला नीट उत्तर देता आलं नाही. माझी आजी १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून दलितांवर हल्ले झाले त्या नामांतराच्या वेळी, नांदेडकडचं गाव सोडून नागपुरातल्या इंदोऱ्यात आली. ती त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. इतक्या जुन्या हिंसेचा परिणाम खरंच उरतो का? आणि आजीला विचारावं का?

उत्तर:

सर, जय भीम.

मी मनोसामाजिक कार्यकर्ती आहे. नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत अत्याचारग्रस्त कुटुंबांसोबत काम करते, त्याला आता एकतीस वर्षं झाली. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला ते एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच देते.

परिणाम उरतो. तो कसा उरतो हे मात्र आपण बरेचदा चुकीचं सांगतो, आणि म्हणून विद्यार्थ्यांना ते पटत नाही. आपण आगीचं वर्णन करतो, मृतांचा आकडा सांगतो आणि थांबतो. पोराला वाटतं, आग विझली, माणसं गेली, विषय संपला. त्याचं चुकत नाही, कारण पुढचं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. नातवंडांपर्यंत जे पोचतं ते बहुतेक वेळा आगीनंतरच्या काही महिन्यांत आणि वर्षांत ठरतं. नोंद कुणी केली, कुणी फाडली, भरपाई कुणाला नाकारली, दोष कुणाच्या माथी मारला, यात ते ठरतं. कारण पुसलं गेलं तरी परिणाम जागेवरच राहतो, आणि मग तो माणसांच्या स्वभावावर टाकला जातो. 'ते लोक तसेच', 'त्यांच्या घरात तसंच असतं.' एकतीस वर्षांत मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच आहे.

टल्साकडे या नजरेने पाहा. ३१ मे आणि १ जून १९२१. ओक्लाहोमा राज्यातल्या या तेलाच्या शहरात ग्रीनवूड नावाचा भाग होता. दुकानं, हॉटेलं, थिएटर, वर्तमानपत्रं, डॉक्टर, वकील, सगळं कृष्णवर्णीयांचं स्वतःचं. डिक रोलँड नावाच्या एकोणीस वर्षांच्या बूटपॉलिश करणाऱ्या मुलावर लिफ्टमधल्या गोऱ्या मुलीवर हात टाकल्याचा आळ आला. त्याला जमावाने मारू नये म्हणून काही कृष्णवर्णीय पुरुष न्यायालयाच्या इमारतीपाशी उभे राहिले आणि तिथून गोळीबार सुरू झाला. सकाळपर्यंत सुमारे पस्तीस ब्लॉकचा परिसर आणि बाराशेहून जास्त घरं राख झाली होती. सरकारी आकडा छत्तीस मृतांचा. इतिहासकारांचा अंदाज तीनशेपर्यंत जातो. रोलँडवरचा खटला पुढे उभाच राहिला नाही. त्या मुलीने तक्रार चालवायला नकार दिला.

इथपर्यंत तुम्ही शिकवलं असणारच. माझ्या मते खरा धडा २ जूनपासून सुरू होतो.

सुमारे सहा हजार कृष्णवर्णीयांना पकडून सभागृहात आणि जत्रेच्या मैदानावर कोंडून ठेवलं होतं. सुटायचं तर एखाद्या गोऱ्या मालकाने येऊन 'हा माझ्याकडे कामाला आहे' अशी हमी द्यायची. बाहेर फिरायला हिरवं ओळखपत्र, तेही सही झालेलं. घर ज्याचं जळलं त्यालाच रस्त्यावर चालायची परवानगी काढावी लागली. विमा कंपन्यांनी दावे फेटाळले, कारण पॉलिसीत 'दंगल' झाल्यास भरपाई नाही असं कलम होतं आणि या प्रकाराला अधिकृत नाव दिलं गेलं दंगल. त्या एका शब्दाने किती घरांचा पाया गेला बघा. शहराविरुद्ध सुमारे अठरा लाख डॉलरचे दावे दाखल झाले. मंजूर झाला तो एका गोऱ्या दुकानदाराचा, त्याच्या दुकानातून नेलेल्या बंदुकांचा. फक्त गोऱ्या सदस्यांच्या ज्युरीने त्याच महिन्यात दोष कृष्णवर्णीयांवर ठेवला. एकाही खुनासाठी कुणाला शिक्षा झाली नाही.

मग नगरपालिकेने फर्मान काढलं की जळालेल्या भागात यापुढे आगीपासून सुरक्षित अशा महागड्या साहित्याचंच बांधकाम करता येईल. लोकांकडे ताडपत्री घ्यायला पैसे नव्हते. हेतू उघड होता, जागा सोडा. बी. सी. फ्रँकलिन नावाच्या वकिलाचं ऑफिसही जळलं होतं. त्याने तंबूत टेबल टाकलं, टाइपरायटर ठेवला, आणि त्या फर्मानाविरुद्ध लढून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकला. त्या तंबूतला फोटो आजही उपलब्ध आहे. वर्गात दाखवता आला तर आगीच्या फोटोंच्या आधी हा दाखवा. लोकांनी वस्ती पुन्हा उभी केली, स्वतःच्या पैशाने. पुढे १९६० नंतरच्या काळात तिच्याच छातीवरून महामार्ग गेला.

आणि मग शांतता. ज्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या बातमीने लोक भडकले असं म्हणतात, त्या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांची मायक्रोफिल्म करायची वेळ आली तेव्हा नेमकी ती बातमी आणि संपादकीय पानाचा तुकडा कापलेला निघाला. शहरातली पोरं दोन-तीन पिढ्या हे न शिकता मोठी झाली. गोऱ्यांच्या घरात लाजेने किंवा भीतीने बोलायचं नाही, कृष्णवर्णीयांच्या घरात 'पोरांना ओझं कशाला' म्हणून बोलायचं नाही. फ्रँकलिनने स्वतः पाहिलेलं १९३१ मध्ये टाइप करून ठेवलं होतं. ती दहा पानं २०१५ मध्ये हाती लागली. चौकशी आयोग नेमला गेला १९९७ मध्ये, अहवाल आला २००१ मध्ये. सामूहिक दफनाची जागा २०२० मध्ये सापडली. तिथल्या एका मृताची, पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाची, ओळख पटली ती २०२४ मध्ये. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा हयात असलेल्या शेवटच्या दोन वृद्ध स्त्रियांचा भरपाईचा दावा काढून टाकला.

तुमचा विद्यार्थी 'शंभर वर्षं' म्हणतो. या तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि त्यालाच विचारा, यातली घटना संपली कधी? मधल्या काळात ग्रीनवूडमध्ये जन्मलेल्या एखाद्या मुलाला आपण भाड्याच्या खोलीत का राहतो, आजोबांचं हॉटेल होतं म्हणतात ते कुठे गेलं, याचं उत्तर देणारा एकही कागद उपलब्ध नव्हता. शेजारच्या वस्तीतल्या माणसाने त्याच्याकडे पाहून काय निष्कर्ष काढला असेल? आळशी, उडाणटप्पू, पैसा टिकवता येत नाही. हेच मी म्हणते. कारण खोडलं, परिणाम ठेवला, आणि परिणामालाच कारण ठरवून टाकलं.

टल्सा एकटं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला १८९८ मध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र जाळलं, माणसं मारली आणि निवडून आलेलं नगर प्रशासन बंदुकीच्या धाकाने हटवलं. त्या राज्यात १८९६ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०२ पर्यंत सहा हजारांच्या आसपास उरले. मतदार नाही म्हणजे शाळेला निधी नाही, रस्ता नाही, ज्युरीत बसायला माणूस नाही. एका दिवसाची हिंसा साठ वर्षं काम करत राहिली, पुन्हा गोळी न झाडता. अर्थशास्त्रज्ञ लिसा कुक यांनी पेटंटच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं आहे की ज्या काळात असे हल्ले आणि झुंडबळी वाढले, त्या काळात कृष्णवर्णीय संशोधकांनी घेतलेली पेटंट घटली. मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो. घर जळलेलं दिसतं, पण जो यंत्राची कल्पना डोक्यात घेऊन गप्प बसला, त्याचं नुकसान कुठल्या पंचनाम्यात येणार?

आता नागपूरकडे येते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. बी.ई.ला प्रवेश मिळाला होता, जात पडताळणी अडली होती. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कोतवाल बुकाची नक्कल, अधिकार अभिलेख, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, काहीतरी. हिच्या घरात काहीच नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मूळ गावाचं नाव सांगायला कुणी तयार नव्हतं. वडिलांना खरोखरच माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं. ती म्हणायची, 'आमचं गाव नागपूर.' मुलगी रडत नव्हती, चिडलेली होती. माझ्यासमोर बसून म्हणाली, 'मॅडम, आमची आजी आहेच तशी. खवट. कुणाला घरात येऊ देत नाही. मे महिन्यात सगळी गल्ली गच्चीवर वाळवण टाकते, आम्ही गहू खोलीत पंख्याखाली वाळवतो. सरगुंडे, कुरड्या, मिरच्या, सगळं आत. पंचेचाळीस डिग्री बाहेर, आणि आम्ही पंखा लावून बसतो.'

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पडताळणी बाजूला राहिली, माझ्या डोक्यात गहू बसले.

त्या घरी मी पाच वेळा गेले. पहिल्या तीन वेळा आजीशी मी गावाबद्दल एक शब्द बोलले नाही. गहू निवडू लागले, त्यांच्यासोबत चहा घेतला. चौथ्या वेळी विचारलं, 'आई, बाहेर टाकले तर लवकर नाही का वाळणार?' त्या सुपातले खडे वेचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, 'बाहेर टाकले का लोकाईच्या डोळ्यात येते.'

मग आलं सगळं, तुकड्यातुकड्याने. बुलढाण्याकडचं गाव. धर्मांतरानंतर त्यांच्या लोकांनी मेलेली गुरं ओढायचं सोडलं. गावाने बहिष्कार टाकला. मजुरी बंद, किराणा बंद, गिरणीवर दळण बंद. ही तेव्हा नवी नवरी. सासऱ्याने दुसऱ्या गावाहून गहू आणला आणि अंगणात वाळत घातला. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहिला. 'बहिष्कार टाकून बी ह्यांच्या अंगणात गहू.' त्या रात्री आधी धान्य पेटलं, मग घरं. सासऱ्याचा हात मोडला तो पुन्हा सरळ झाला नाही. दोन दिवसांनी मलकापूरला पायी जाऊन गाडी धरली. 'आमी त पयून आलो बाई. मांगं पायलं नाई.' पोलिसांत तक्रार झाली का? झाली होती. तिचं काय झालं हे त्यांना कुणी कधी कळवलं नाही.

या घरात गोष्ट गळून गेली होती आणि नियम उरला होता. धान्य बाहेर दिसू द्यायचं नाही. नवा शर्ट घालून चौकात उभं राहायचं नाही. मार्क चांगले पडले तर पेढे गल्लीत वाटायचे नाहीत. मुलीच्या वडिलांनी कामावर बढती दोनदा नाकारली होती. विचारलं तर म्हणत, 'नजरेत येतं माणूस.' हे वाक्य त्यांना कुणी शिकवलं हे त्यांना आठवत नव्हतं. नियम पाळणाऱ्या तिसऱ्या पिढीला तो आजीचा खवटपणा वाटत होता. एका गावाने केलेल्या गुन्ह्याचा ठपका आजीच्या स्वभावावर बसला होता, आणि तोही तिच्याच नातीकडून.

अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी समाजातल्या सामाजिक कार्यकर्त्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी १८९० मध्ये अमेरिकी सैन्याने वूंडेड नी इथे केलेल्या लाकोटांच्या हत्याकांडानंतरच्या पिढ्यांबद्दल हेच मांडलं आहे. ज्या दुःखाचा शोक करू दिला नाही, ते दुःख पुढच्या पिढीत वेगळ्या चेहऱ्याने येतं, दारू होऊन, राग होऊन, गप्प बसणं होऊन. मी त्यांचं लिखाण वाचलं तेव्हा कामाला लागून बरीच वर्षं झाली होती, आणि मला आमच्या उत्तर नागपुरातली घरं दिसत राहिली.

इथे एक सावधगिरी. अलीकडे व्हॉट्सॲपवर फिरतं की आघात जनुकांत उतरतो, विज्ञानाने सिद्ध झालंय. माणसांच्या बाबतीतला पुरावा अजून फार तोकडा आहे. मी घरोघरी ते सांगत नाही आणि तुम्हीही वर्गात सांगू नका. आपल्या माणसांच्या रक्तातच काही बिघाड आहे असं ऐकायला आपण पिढ्यान्पिढ्या सोसलं आहे; ते नव्या शब्दांत पुन्हा कशाला? आणि त्याची गरजही नाही. कागद, जमीन, पैसा, घरातले नियम आणि ठाण्याची पायरी चढायची भीती, एवढ्याने सगळं समजतं.

दुसरी सावधगिरी वंश आणि जात एकच मानण्याची. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं ते तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. नातं जुनं आणि खरं आहे. पण जातीचा उगम वंशात आहे ही कल्पना बाबासाहेबांनीच खोडून काढली होती. तिथे रंग लपवता येत नाही, इथे आडनाव आणि गाव विचारून माणूस ओळखला जातो. म्हणून तिथल्या कुटुंबांनी वस्ती बांधून राहण्यात आधार शोधला, आणि आपल्याकडच्या कित्येकांनी आडनाव बदलून, गाव विसरून. गाव विसरण्याची किंमत काय असते ते त्या मुलीच्या पडताळणीत दिसलं. मला तुलना करायची असते ती हिंसेनंतर काय घडतं याची. तिथे साम्य अंगावर येतं.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिलं शवविच्छेदन इतकं अपुरं होतं की पुरलेले मृतदेह पुन्हा काढावे लागले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली; २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणली. शिक्षा झाली. पण ॲट्रॉसिटीचं कलम दोन्ही न्यायालयांत टिकलं नाही. हत्या सूडातून झाली असं धरलं गेलं. त्या निकालाच्या दिवशी मी ज्या वस्तीत होते तिथे लोक फाशी रद्द झाली म्हणून रडत नव्हते. एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणत होते, 'मग कायले मारलं हे त लिहा.' टल्सात 'दंगल' हा शब्द लिहिला गेला, इथे 'सूड'. दोन्हीकडे लोकांना हवं होतं ते कारण नोंदीत आलं नाही.

म्हणून कारण उघडं ठेवणारी माणसं मला फार मोठी वाटतात. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी मारलं, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली. 'जगाला दिसू दे' हाच तिचा हट्ट होता. ज्युरीने आरोपींना तासाभरात सोडलं, पण तो चेहरा पुसता आला नाही. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत २०१८ मध्ये झुंडबळींचं स्मारक उघडलं. तिथे प्रत्येक जिल्ह्याच्या नावाचा लोखंडी खांब टांगलेला आहे, आठशेहून जास्त, आणि वंशजांनी त्या त्या ठिकाणची माती बरण्यांत भरून आणली आहे. फ्लोरिडा राज्याने रोझवूड या कृष्णवर्णीयांच्या गावातल्या १९२३ च्या हत्याकांडाची भरपाई १९९४ मध्ये दिली, म्हणजे एकाहत्तर वर्षांनी. रकमेने गाव परत आलं नाही, पण विधिमंडळाने कायदा करून ती दिली, आणि कारण सरकारी कागदावर आलं. आपल्या इंदोऱ्यात दहा नंबर पुलाजवळ नामांतर शहीद स्मारक आहे. तुम्ही रोज त्यासमोरून जात असाल. तुमची आजीही जाते. दगडावर लिहिलेलं आहे, घरात बोललेलं नाही, असं अंतर आपल्या कितीतरी घरांत आहे.

आता आजी.

विचारा, पण 'त्या रात्री काय झालं' असं विचारू नका. त्या प्रश्नाने माणूस एकदम आगीत परत जातो आणि दार लावून घेतो. गावापासून सुरू करा. घर कुठल्या तोंडाचं होतं? पाणी कुठून आणायचे? विहिरीवर कोण कोण यायचं? सणाला काय शिजायचं? जळण्याच्या आधीचं गाव तिच्याकडे आहे आणि ते तिने कुणाला दिलेलं नाही. लोक हे विसरतात की पळून आलेल्या माणसाने सुखाच्या आठवणीही गाठोड्यात बांधून ठेवलेल्या असतात, कारण एक सोडलं की दुसरं सुटेल ही भीती.

हाताला काम असू द्या. भाजी निवडताना, वाती वळताना बोलणं निघतं. समोर खुर्ची टाकून बसलं की निघत नाही. मोबाइल रेकॉर्डिंगला लावायचा तर तिला सांगून, आणि नको म्हणाली तर नको. तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक आहात, तारखा जुळवायचा मोह होईल. ती चुकीचं वर्ष सांगेल, दोन प्रसंग एक करेल. दुरुस्त करू नका. ती थांबली की तुम्हीही थांबा, पाणी द्या, दुसरा विषय काढा. बोलल्यानंतरच्या दोन-तीन रात्री झोप उडते, छातीत धडधड होते, जुनी स्वप्नं येतात. त्या दिवसांत घरात कुणीतरी तिच्या खोलीत झोपावं. परीक्षेच्या तपासणीच्या गर्दीत हे काम काढू नका. झोप आठवडाभर परत आली नाही, जेवण सुटलं, तर मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात न्या. त्यात लाज वाटायचं काही नाही.

आणि ती 'नाही' म्हणू शकते. तिला तो हक्क आहे. पंचेचाळीस-पन्नास वर्षं तिने त्या गप्प राहण्यावर घर उभं केलंय, ते आपल्या अभ्यासासाठी पाडायचं नाही. तसं झालं तर कागद शोधा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, त्यानंतरच्या आठवड्यांतली मराठवाड्यातली वर्तमानपत्रं ग्रंथालयांत आहेत. गावच्या शाळेचं रजिस्टर आहे. त्याच गावातून आलेली आणखी दोन-चार घरं नागपुरात असतील, त्यातलं एखादं बोलेल. तुम्हाला जे सापडेल ते तिला वाचून दाखवायची घाई करू नका. टेबलावर ठेवा. तिला कळू द्या की ते तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही तिला 'तशीच' समजत नाही.

विद्यार्थ्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी असते तर त्याला एक काम दिलं असतं. घरात असा कुठला नियम आहे ज्याचं कारण कुणालाच माहीत नाही, ते शोधून आण. आठवडा द्या. सगळ्यांकडे हिंसा निघणार नाही, दुष्काळ निघेल, साथ निघेल, नुसतं आजोबांचं वेड निघेल. पण वर्गात पाच-सहा जण तरी असे असतील जे दुसऱ्या दिवशी गप्प येऊन बसतील. त्यांच्याकडे लक्ष ठेवा आणि सगळ्यांसमोर बोलायला लावू नका.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. गावाचं नाव कळल्यावर ती वडिलांना घेऊन तिथल्या शाळेत गेली. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव निघालं, १९४७ ची नोंद, जातीसकट. पडताळणी झाली. ती आता पुण्याला नोकरीला आहे. गहू अजून खोलीतच वाळतात.

गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा आजींनी आधी कधीच न सांगितलेलं सांगितलं. आग लागली त्या रात्री शेजारच्या वाड्यातल्या एका बाईने त्यांना गोठ्यात ओढून घेतलं होतं. 'मले कडब्यात लपवलं तिनं. सकायी भाकर देल्ली फडक्यात.' त्या बाईला नवऱ्याचा मार पडला असेल का, हे त्या साठ वर्षं मनात धरून होत्या. नातीने गावात चौकशी केली. ती बाई आहे, नव्वदीची, ऐकू कमी येतं. नात संक्रांतीनंतर जाणार आहे. आजी म्हणतात, मी त्या गावात पाय ठेवणार नाही. पण सीताबर्डीहून नऊवारी लुगडं आणून ठेवलंय, हिरव्या काठाचं, आणि नातीला तीनदा बजावलंय की त्या बाईच्या हातातच दे, सुनेकडे देऊ नको.